नेमप्लेटवर आधी रंग मारा

वेल्डिंग मशीन बंद पडल्यावर पार्टच्या मागे लागणं म्हणजे वरातीमागून घोडं. पार्ट मिळूच नये याची तयारी मशीन धडधाकट असतानाच करावी लागते, आणि त्याला खंडेनवमीसारखा मुहूर्त नाही. इंडस्ट्रियल इस्टेटच्या गाळ्यात सगळी यंत्रं धुऊनपुसून पूजेला बसायची असतात. आदल्या संध्याकाळी ऑइलपेंटचा डबा आणा आणि वीस-पंचवीस वर्षं इमानेइतबारे राबलेल्या वेल्डिंग मशीनला निळंशार करून टाका. चाकं सुटली तरी चालतील, पण नेमप्लेट सुटता कामा नये. एका हाताने अक्षरं दिसत राहतात, म्हणून दोन हात मारा. वर हळदीकुंकवाचं बोट आणि झेंडूचा हार. हार जमलं तर मागच्या जाळीवर, जिथून पंखा हवा ओढतो.

त्या पत्र्याच्या तुकड्यावर असतं तरी काय? मॉडेल, सीरियल नंबर, किती फेज, किती व्होल्ट, किती हर्ट्झ, ओपन सर्किट व्होल्टेज, थंड करायला तेल की हवा, तेल किती लिटर, वजन किती. आणि ‘४०० अँपिअर, ६० टक्के’ असं काहीतरी. याचा अर्थ दहा मिनिटांतली सहा मिनिटंच ४०० वर ओढायचं, आणि सतत चालवायचं तर साधारण ३१० पर्यंतच थांबायचं. ही असली माहिती कारागिराच्या डोळ्यांसमोर राहिली तर तो उगाच मशीनची काळजी घेत बसेल.

लिंकन कंपनीचं मशीन असेल तर रंगाचा तिसरा हातही द्या. त्यांच्या प्लेटवर ‘कोड नंबर’ असतो आणि मॅन्युअल त्या कोडवरून शोधायचं असतं. दर्शनी नाव तेच ठेवून आतलं सर्किट बदललेलं असू शकतं, ते फक्त कोडवरून कळतं. मिलर कंपनीचं मॅन्युअल शोधताना सीरियल नंबर विचारला जातो. तेव्हा हे दोन आकडे एकदा बुजले की पुढचं काम सोपं. नेटवरून त्याच नावाची कुठलीही पीडीएफ उतरवा, तिच्यात कार्डावरचा (मशीनच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक पाटीवरचा) कनेक्टर १० पिनांचा आणि तुमच्या हातातला १४ पिनांचा निघाला की कंपनीलाच मूर्ख म्हणा.

नावांचाही असाच आदर ठेवा. प्लेटवर अडवाणी-ऑर्लिकॉन असेल तर जन्मभर अडवाणी-ऑर्लिकॉनच शोधा, तीच कंपनी आज ॲडोर वेल्डिंग नावाने चालते हे कानावर पडू देऊ नका. लिंडेचा वेल्डिंगचा धंदा एल-टेक झाला आणि पुढे इसॅबकडे गेला. हेही कळलं नाही तर उत्तम. मग गाळ्याच्या दारात उभं राहून छातीठोकपणे सांगता येतं, ‘कंपनीच बुडाली हो.’

आता मदत मागायची रीत. मोबाइलने मशीनचा एकच फोटो काढा, पाच फुटांवरून, मागे उजेड ठेवून, आणि सर्व्हिसवाल्याला पाठवा: ‘भाऊ, याचं कार्ड मिळेल का, अर्जंट.’ नेमप्लेटचा जवळून फोटो, कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो, कार्डाच्या कडेला कोरलेला ड्रॉइंग नंबर, बिघाड नेमका काय, पत्रा उघडल्यावर किती व्होल्ट मिळाले, यातलं काही लिहू नका. इतकं सगळं एकदम मिळालं तर समोरचा माणूस उत्तर देऊन मोकळा होईल आणि तुमची ओळख वाढायची राहील.

पत्रा उघडण्याचं शास्त्र वेगळं आहे. मेन स्विच पाडून फ्यूज स्वतःच्या खिशात ठेवणारे आणि टेस्टरवर भरवसा न ठेवता मल्टिमीटरने ४१५ चा शून्य झालेला बघणारे लोक भित्रे असतात, म्हणूनच म्हातारे होतात. तुम्ही पत्रा काढा आणि तो लगेच बाहेरच्या गटारावर झाकण म्हणून टाका. त्याच्या आतल्या अंगाला बऱ्याचदा एक पिवळट कागद चिकटवलेला असतो, त्यावर अख्ख्या मशीनचा वायरिंग डायग्राम. कागदाची बाजू खाली गेली म्हणजे झालं. मग जाडजूड दिसणाऱ्या सगळ्या वायरी सोडवा. वायरींवर नंबरांचे पिवळे फेरुल (छोटी नळकांडी) असतील, ते ओढून काढा. ढिले झालेले तर आपोआप पडतील. चिकटपट्टी लावून खुणा करायला दहा मिनिटं लागतात. त्या दहा मिनिटांत चहा होतो.

बिघाड कुठे शोधायचा, याबद्दल मतभेद नकोत: कार्डच उडालं. थ्री फेज थायरिस्टर रेक्टिफायरमध्ये (एसीचा डीसी करणारं मशीन; थायरिस्टर म्हणजे इशारा मिळाल्यावरच करंट सोडणारा पार्ट) एक फेज गेला तरी मशीन घुमतं, आर्क थरथरतो आणि करंट अर्ध्यावर येतो. पण ते कळायला आइसोलेटरपाशी (मेन स्विचपाशी) तीन फेजचं व्होल्टेज मोजावं लागतं, ते हलकं काम. वाइंडिंगमध्ये (तारेच्या वेटोळ्यांत) बसवलेला, मशीन तापल्यावर तोडणारा थर्मल कटआउट थंड मशीनमध्येही उघडा राहिला तर कॉन्टॅक्टर (मशीन चालू करणारा विजेचा स्विच) ओढत नाही. तपासायला दोन वायरी आणि मल्टिमीटरची टूं एवढंच लागतं. सापडलाच तर तो कायमचा शॉर्ट करून ठेवा. पुढचा बिघाड थेट वाइंडिंगमध्ये होईल आणि तुम्हाला निदान करावंच लागणार नाही. कार्डावरच्या १५ व्होल्ट सप्लायचे मोठे कॅपेसिटर वीस वर्षांत सुकतात, फुगतात, आणि सप्लायमध्ये लहरी सोडतात. ते दोन-तीन कॅपेसिटर १०५ डिग्रीवाले घेऊन बदलणं ही पहिली पायरी असते, म्हणून ती शेवटी ठेवा. आधी सगळ्या आयसी उपटा. सोल्डरिंग आयर्न जितकं गरम तितके कार्डाचे ट्रॅक लवकर सुटतात, मग मॅन्युअल मिळालं तरी काही बिघडत नाही.

पावसाळ्यात मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) मारायचं राहू देऊ नका. जुलैत पत्र्याच्या शेडखाली महिनाभर बंद पडलेलं मशीन घ्या, ५०० व्होल्टचा मेगर घ्या, आणि कार्ड, डायोड (करंट एकाच दिशेने सोडणारा पार्ट), थायरिस्टर सगळं जोडलेलं असतानाच हँडल फिरवा. कार्ड आधी काढून ठेवणं, डायोड तांब्याच्या तारेने शॉर्ट करणं हे पुस्तकी लोकांचे चोचले. रीडिंग १ मेगओहमच्या खाली आलं की ‘वाइंडिंग जळालं’ म्हणून रिवाइंडिंगवाल्याकडे टाका. आत १०० वॉटचे दोन बल्ब रात्रभर पेटवून, वरून ताडपत्री टाकून, सकाळी पुन्हा मोजणारा माणूस भेटला तर त्याच्या नादी लागू नका. त्याचं रीडिंग वर गेलेलं असतं आणि तुमचा वीस हजारांचा खर्च हुकतो.

आता बाजार. मुंबईत ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जा. खराब पार्ट सोबत नेऊ नका, तोंडी सांगा: ‘मोठा थायरिस्टर द्या.’ नेलाच, तर कार्ड घरी ठेवून फक्त जळलेली आयसी न्या, जिच्यावरची अक्षरं जळण्यातच गेली. जुन्या थायरिस्टर कार्डांत टीसीए७८५ ही फायरिंगची, म्हणजे थायरिस्टरला नेमक्या क्षणी इशारा देणारी, आयसी असते, थ्री फेजला तीन. सीमेन्सची ही आयसी, नंतर इन्फिनिऑनकडे गेली, आता मूळ उत्पादन बंद आहे; पण बाजारात ती कायम ताजी मिळते, कालच छापल्यासारखी. खरोखर कालच छापलेली असते. कापसाला ॲसिटोन लावून पाठ चोळली आणि नाव कापसावर आलं, तर आयसी परत करावी लागते, म्हणून चोळू नका. सोळा पायांच्या या आयसीला पाय १६ वर १५ व्होल्ट आणि पाय १ ला ग्राउंड दिलं की पाय ८ वर सुमारे ३.१ व्होल्ट यायला हवेत. ब्रेडबोर्डवर दोन मिनिटांत कळतं. दुकानात उभ्या उभ्या कळलं तर बदलून मिळते, कार्डावर सोल्डर केल्यावर कळलं तर मिळत नाही. तुम्ही सोल्डर करा.

डायोड घेताना फक्त अँपिअर बघा. शेवटच्या ‘आर’कडे कशाला बघायचं? ७०एचएफ१२० म्हणजे ७० अँपिअर, १२०० व्होल्ट, बोल्टच्या बाजूला कॅथोड (करंट बाहेर पडतो ते टोक). ७०एचएफआर१२० म्हणजे बाकी सगळं तेच, फक्त बोल्टच्या बाजूला ॲनोड (करंट आत शिरतो ते टोक). थ्री फेज ब्रिजमध्ये तीन डायोड एका हीटसिंकवर आणि तीन दुसऱ्यावर, एका बाजूला साधे, दुसऱ्या बाजूला ‘आर’वाले. दिसायला जुळे भाऊ. एक जरी चुकीच्या कुटुंबात गेला, तर दोन फेजच्या मधे थेट शॉर्ट. मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून लाल पिन वरच्या शेपटीला, काळी बोल्टला लावायची, ०.४ ते ०.५ व्होल्ट दिसले तर साधा, उलट लावून दिसले तर ‘आर’. हे बसवण्याआधी केलं तर दहा सेकंद लागतात. बसवून स्विच टाकला तर त्याहून कमी, आणि आवाजही येतो.

थायरिस्टरची परीक्षा लॅमिंग्टन रोडचे जुने लोक १२ व्होल्टच्या बॅटरीवर २१ वॉटचा गाडीचा बल्ब लावून घेतात: बॅटरीचा प्लस बल्बमधून बोल्टला, मायनस जाड शेपटीला. बल्ब पेटायला नको. मग १०० ओहमच्या रेझिस्टन्समधून गेटला प्लसचा क्षणभर स्पर्श. बल्ब पेटतो आणि हात काढला तरी पेटलेला राहतो. आधीच पेटला तर शॉर्ट, पेटून विझला तर अशक्त. हा खेळ बघायला बरा असतो. विकत घ्यायचा माल मात्र खोक्यातला, न तपासलेला घ्या. त्यासोबत स्नबरचा कॅपेसिटर आणि रेझिस्टन्स सुटा पडलेला दिसेल, तो ‘जास्तीचा’ म्हणून ड्रॉवरमध्ये टाका. डायोडच्या डोक्यावर व्होल्टेजचे दणके बसू नयेत म्हणून तो होता, आणि डायोड तर तुम्ही नवे घेतलेच आहेत.

मूव्हिंग कोरचं (हँडलने आतला लोखंडी गाभा सरकवून करंट बदलायचं) तेलाचं मशीन असेल तर एक दिवस हँडल फिरतं पण करंट बदलत नाही. स्क्रूवरचा पितळी नट आतून खाल्लेला असतो. जुना नट सोबत नेला तर कुर्ल्याचा किंवा साकीनाक्याचा टर्नर पिच मोजून गनमेटलचा नवा काढून देतो. म्हणून आधी तो नट हरवा. मग नागदेवी स्ट्रीटवर दुकानोदुकानी ‘वेल्डिंग मशीनचा नट’ मागा, सगळे हसून पुढचं दुकान दाखवतील. ओव्हरहॉलच्या नावाखाली तेल गाळून तेच परत भरा. नवं तेल अडीच मिलिमीटरच्या फटीत ३० हजार व्होल्ट तरी झेललं पाहिजे, अशी चाचणी असते. तुमचं तेल तोपर्यंत चहाच्या रंगाचं झालंय, आणि चहाची अशी चाचणी कोणी घेत नाही.

सगळं थकल्यावर दारूखान्याला, मुंबईतल्या जहाजांच्या भंगाराच्या बाजारात, जा. जहाजातून उतरलेलं, तसंच दिसणारं अख्खं मशीन मिळतं, आणि पार्टांसाठी दाता म्हणून ते छान असतं. तुम्ही मात्र ते तसंच लाइनवर टाका. जहाजावर ४४० व्होल्ट, ६० हर्ट्झ. गाळ्यात ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ. व्होल्ट कमी झाले म्हणून बरंच वाटतं, पण कोरवरचा भार व्होल्ट भागिले हर्ट्झवर ठरतो: तिथे ७.३, इथे ८.३. म्हणजे तेरा टक्के जास्त. शिवाय पंखा ५० हर्ट्झवर सहाव्या हिश्शाने हळू फिरतो. मशीन दोन्हीकडून तापतं. गुणगुणतंही, भजनाला बसल्यासारखं. अँपमीटरही बदलायचा असेल तर शंट (करंट मोजायला मीटरला जोडलेली पट्टी) ७५ मिलिव्होल्टचा आणि मीटर ६० चा घ्या. काटा २५ टक्के जास्त दाखवतो आणि मशीन एकदम जवान वाटायला लागतं.

एवढं केल्यावर भंगारवाला आपणहून येतो. तो आल्या आल्या वजनकाटा बाहेर काढत नाही. आधी कानशीने वाइंडिंगचं एक टोक घासून तांबं आहे की ॲल्युमिनियम ते बघतो. मग खिशातून पॉलिश पेपरचा तुकडा काढून मशीनच्या पुढ्यात उकिडवा बसतो आणि निळ्या रंगाचे दोन्ही हात उतरेपर्यंत नेमप्लेट चोळतो. तेल किती, वजन किती, सगळं बोट ठेवून वाचतो. गटारावरचा पत्रा उलटा करून त्यालाही फडकं मारतो, कागदाचा फोटो घेतो. पैसे तांब्याच्या भावाने मोजून देतो, आणि टेम्पोत मशीन चढत असतानाच कोणाला तरी मॉडेल नंबर वाचून दाखवतो: ‘याचंच कार्ड शोधत होतास ना? मिळालं. डायग्रामसकट.’