पॉपकॉर्नच्या दाण्यावर प्लास्टिक नसतं, आणि दीड वर्षाच्या लेकराला लाह्या द्यायच्या नसतात

परवा रात्री साडेनऊला जालन्याहून वहिनीचा फोन आला. तिला धड बोलताही येत नव्हतं. माझा दीड वर्षाचा भाचा लाही खाताना ठसकला आणि मग त्याचा खोकलाही बंद झाला, आवाजच फुटेना. भावानं त्याला मांडीवर पालथं घेऊन पाठीत पाच थापा मारल्या, तेव्हा लाही बाहेर पडली. पोरगं आता ठीक आहे. एवढ्या लहान लेकराला लाह्या दिल्याच कशाला, असं मी विचारलं तर म्हणाली, "अहो ताई, ग्रुपवर आलंय की. पॉपकॉर्न विषारी असतं, त्याच्याऐवजी बाळाला लाह्या द्या म्हणून."

मग मी तो मेसेज शोधून वाचला. "सावधान! घरी पॉपकॉर्न करणाऱ्या प्रत्येक आईने वाचावे." खाली डॉक्टर म्हणून कुणाचं नाव नाही, गाव नाही. तोच मेसेज परळीच्या मावशीनं टाकलेला, तोच अंबाजोगाईहून आईनं. आईनं तर बरणीतले किलोभर दाणे उकिरड्यावर नेऊन टाकले. आमच्या घरातच इतकं झालंय म्हटल्यावर बाकीच्यांच्या घरी काय चाललं असेल, म्हणून हे लिहितेय.

शेवटच्या ओळीपासून सुरू करते, कारण जीव तिथं जाऊ शकतो. ती ओळ अशी: "सहा महिन्यांपासून बाळाला ज्वारीच्या किंवा मक्याच्या घरगुती लाह्या द्याव्यात. हलक्या असतात, तोंडात विरघळतात, घशात अडकत नाहीत."

विरघळतात का, ते काल पाहिलं. वाटीभर कोमट पाण्यात पाच ज्वारीच्या आणि पाच मक्याच्या लाह्या टाकून ठेवल्या. दहा मिनिटांनी पांढरा भाग लिबलिबीत झाला होता, पण विरघळलं काहीच नव्हतं. मक्याचं टरफल तर जसंच्या तसं, नखाच्या कपच्यासारखं. बोटावर घेतलं तर चिकटून बसलं, झटकून निघेना, दुसऱ्या हाताच्या नखानं ओढून काढावं लागलं. हे दीड वर्षाच्या लेकराच्या घशात बसलं तर तिथं कोण नख घालणार?

आणि "हलक्या असतात" हेच तर धोक्याचं आहे. लेकरू खाता खाता हसतं, रडतं, पळतं आणि मधेच जोरात श्वास ओढतं. त्या श्वासाबरोबर हलकी वस्तू सरळ श्वासनलिकेत जाते. त्या वयाची नळी बारीक असते, दाढा पुऱ्या आलेल्या नसतात, चावून बारीक करायची सवय लागलेली नसते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची अकादमी चार वर्षांखालच्या मुलांना पॉपकॉर्न देऊच नका म्हणून सांगते. त्याच यादीत शेंगदाणे, अख्खी द्राक्षं, कडक गोळ्या आहेत. ज्वारीची लाही त्यांच्या यादीत नसेल, पण घशाला काय त्याचं? फुटाण्यांनाही हेच लागू आहे.

इथं आणखी एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. लाही किंवा शेंगदाण्याचा तुकडा श्वासनलिकेत गेला तर तो साध्या एक्स-रेत बहुतेक वेळा दिसत नाही. ठसका बसून गेल्यावर लेकरू शांत झालं, पण पुढे खोकला राहिला, छातीत एकाच बाजूला घरघर वाटली, तर डॉक्टरांना "त्या दिवशी ठसका लागला होता" हे आपण होऊन सांगा. नाहीतर खोकल्याची औषधं चालू राहतात आणि तुकडा आतच राहतो. लेकरू जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाज बंद झाला तर पालथं धरून, डोकं खाली करून, दोन खांद्यांच्या मधोमध पाच थापा, आणि दुसऱ्या माणसानं १०८ लावायचा. दिसत नसताना तोंडात बोट घालून चाचपडू नका, वस्तू आणखी आत जाते. भावाला हे ठाऊक होतं म्हणून निभावलं.

आता त्या मेसेजचा मुख्य दावा. "शेतातला मका कितीही तापवा, फुटत नाही. दुकानातला फुटतो. कारण त्यावर प्लास्टिकचा थर दिलेला असतो."

पहिलं वाक्य बऱ्यापैकी खरं आहे. सिल्लोड-कन्नडकडचा मका कढईत टाकला तर तडकतो, करपतो, फार तर अर्धवट उलतो. तो मका कोंबड्यांच्या खाद्याला आणि स्टार्चच्या कारखान्यांना जातो. दाणा मोठा, आतलं पीठ मऊ, साल त्या मानानं कच्ची. पॉपकॉर्नचा मका ही वेगळी जात आहे. दाणा बारीक, साल जाड, आतला भाग काचेसारखा कडक. आपल्या देशातही 'अंबर पॉपकॉर्न' नावाचं वाण आहे. बासमतीचा भात इंद्रायणीसारखा चिकट होत नाही म्हणून बासमतीवर कुणी प्लास्टिक लावलंय असं आपण म्हणतो का? पेरू देशात समुद्रकाठी उत्खननात सुमारे ६,७०० वर्षांपूर्वीचे मक्याचे अवशेष सापडले, त्यात फुटणाऱ्या मक्याची कणसंही होती. तेव्हा प्लास्टिक कुठून आणलं होतं?

पण मला खरा राग याचा येतो की हे आपल्याला, मराठवाड्यातल्या माणसांना, सांगावं लागतंय. पंचमीला आपल्याकडं चिरायचं-भाजायचं नसतं, म्हणून लाह्या आदल्या दिवशी फोडतात. आई ज्वारी गरम पाण्यातून काढते, निथळते, फडक्यात बांधून रात्रभर ठेवते. दुसऱ्या दिवशी लोखंडी कढई सणसणीत तापवून मूठ मूठ ज्वारी टाकायची, कापडाच्या बोळ्यानं हलवायची, की तडतड लाह्या उडतात. मग तिनं ज्वारीवर कोणतं प्लास्टिक लावलं? तिनं दाण्यात थोडं पाणी मुरवलं, एवढंच. मक्याचंही गुपित तेच आहे. चाळीस वर्षं स्वतःच्या हातानं लाह्या फोडणाऱ्या बाईनं एका मेसेजपायी बरणी रिकामी करावी, हे मला सहन होत नाही.

"फुटतानाचा आवाज केमिकलचा स्फोट असतो, आणि तळाशी उरलेले दाणे म्हणजे ज्यांना केमिकल लागलं नाही ते," असंही लिहिलंय. यावर चक्क अभ्यास झालेला आहे. २०१५ साली इमॅन्युएल व्हिरो आणि अलेक्झांद्र पोनोमारेन्को या फ्रान्समधल्या दोन संशोधकांनी दाणे भट्टीत ठेवून तापमान दहा-दहा अंशांनी वाढवत नेलं आणि फुटताना वेगवान कॅमेऱ्यानं टिपलं. रॉयल सोसायटीच्या 'इंटरफेस' या नियतकालिकात ते छापून आलं. १७० अंश सेल्सिअसला जेमतेम एक तृतीयांश दाणे फुटले, १८० ला जवळजवळ सगळे. दाण्यातल्या पाण्याची वाफ कोंडते, दाब बाहेरच्या हवेच्या सुमारे दहापट होतो. आपल्या कुकरची शिट्टी होते तेव्हा आतला दाब दुपटीच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज करा. साल फाटली की आतलं शिजून मऊ झालेलं पीठ फेसासारखं फुलतं आणि लगेच गार होऊन कडक होतं. आवाजाबद्दलही त्यांनी सांगितलंय: तो सुटलेल्या वाफेचा आहे.

खात्री घरीच करता येते. मी वीस दाण्यांना ब्लेडनं बारीक चीर दिली, वीस तसेच ठेवले. त्याच कढईत, तेवढ्याच तेलात, एकामागून एक टाकले. न चिरलेल्यांतले अठरा फुटले. चिरलेल्यांतले दोनच कसेबसे उलले, बाकीचे काळे पडले. केमिकलनं फुटत असते तर चिरेनं काय फरक पडला असता? चिरेतून वाफ निघून गेली, दाब साठलाच नाही. तळाशी उरणाऱ्या दाण्यांचं कारणही हेच, साल कुठंतरी उललेली किंवा दाणा वाळलेला. दाण्यात साधारण तेरा-चौदा टक्के ओलावा लागतो. आपल्याकडच्या मे महिन्यात उघड्या बरणीतले दाणे सुकून खडखडीत होतात आणि अर्धे तसेच राहतात. कपभर दाण्यांना चमचाभर पाणी लावून, घट्ट झाकणाच्या बरणीत दोन-तीन दिवस ठेवून, मधून मधून हलवलं की बहुतेक दाणे पुन्हा फुटायला लागतात. फोडताना झाकण जरा तिरकं ठेवायचं, वाफ कोंडली की पॉपकॉर्न चिवट होतात.

"हा जीएम मका आहे." जीएम म्हणजे प्रयोगशाळेत जनुकं बदललेलं. आपल्या शेतात कायद्यानं परवानगी असलेलं आणि पेरलं जाणारं असं पीक एकच, बीटी कापूस, २००२ पासून. हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला मी काय सांगू? शुगरवाल्यांनी पॉपकॉर्न खाऊच नये, ही ओळ तर सोडूनच देते. पॉपकॉर्न म्हणजे अख्खं धान्य, चोथा भरपूर. ताटभर खाल्ले आणि वर तूप-मीठ ओतलं तर तो दोष दाण्याचा नाही.

एका मुद्द्यावर मात्र मला थोडं मागं यावं लागतंय. "बटरच्या वासानं फुप्फुसं निकामी होतात" हे अगदीच हवेतलं नाही. २००० साली अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या एका कारखान्यातल्या आठ माजी कामगारांना फुप्फुसाचा एक दुर्मीळ आणि गंभीर आजार झाल्याचं उघड झालं. बटरसारख्या वासासाठी वापरतात त्या डायअसिटिलची वाफ ते रोज तासन्‌तास हुंगत होते. मायक्रोवेव्हच्या तेलकट पिशव्यांच्या आतल्या थराबद्दलही काळजी होती. तेल झिरपू नये म्हणून त्यात वापरायची ती पीएफएएस नावाची रसायनं अन्नाच्या वेष्टनासाठी अमेरिकेत आता विकली जात नाहीत, असं तिथल्या अन्न व औषध प्रशासनानं २०२४ मध्ये जाहीर केलं. म्हणून बटरच्या वासाची मायक्रोवेव्हची पाकिटं मीही घरात आणत नाही. पण हा प्रश्न कारखान्यातल्या वासाच्या द्रव्याचा आणि पिशवीचा आहे. कढईत शेंगदाण्याच्या तेलावर फोडलेल्या सुट्या दाण्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. मेसेज लिहिणाऱ्यानं दोन्ही एकात कालवलं आणि आईची बरणी रिकामी झाली.

आईला नवे दाणे घेऊन दिलेत. काल वहिनीचा पुन्हा फोन आला, पंचमीला बाळाला मग काहीच द्यायचं नाही का म्हणून. आईनंच उत्तर दिलं. लाह्या जात्यावर दळायच्या, पीठ दोनदा चाळायचं म्हणजे टरफल राहणार नाही, आणि ताकात पातळ कालवून चमच्यानं भरवायचं. आम्ही तिघं भावंडं त्याच पिठावर वाढलो.