स्टार्ट म्हणजे फक्त रिअॅक्शन नव्हे

कमी अंतराच्या धावपटूंमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो: "स्टार्ट म्हणजे रिअॅक्शन. गन वाजताच सगळ्यांच्या आधी ब्लॉक सोडा, पाय भराभर टाका आणि तीस मीटरपर्यंत वाकूनच पळा." (ब्लॉक म्हणजे शर्यत सुरू होताना ज्यावर पाय टेकवून रेटा देतात ते साधन.) नवी पोरं हा सल्ला मनापासून पाळतात आणि त्यांचा स्टार्ट बिघडत जातो, म्हणून त्याला उत्तर द्यायलाच हवं.

आधी रिअॅक्शन, म्हणजे गन वाजल्यापासून हालचाल सुरू होईपर्यंतचा वेळ. २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १०० मीटरच्या अंतिम शर्यतीत नोआ लाइल्सचा रिअॅक्शन टाइम ०.१७८ सेकंद होता. त्याच्याहून सावकाश सुटलेला एकही जण त्या शर्यतीत नव्हता, तरी सुवर्णपदक त्यालाच मिळालं. रिअॅक्शनला किंमत नाही असं मी म्हणत नाही, पण तिथे कमवायला फार थोडं आहे. ०.१०० सेकंदाच्या आत हालचाल झाली की फाउल स्टार्ट, म्हणजे गनच्या आधीच सुटल्याचं धरलं जातं, आणि चांगले धावपटू बहुतेक वेळा ०.१२ ते ०.१८च्या दरम्यानच असतात. गनचा अंदाज बांधून सुटावं, तर २०१० पासून पहिल्याच फाउलला बाहेर. २०११च्या जागतिक स्पर्धेत उसेन बोल्टसुद्धा असाच बाद झाला.

खरी कमाई त्यानंतरच्या साधारण ०.३५ सेकंदांत असते, म्हणजे पाय पेडलवर (ब्लॉकच्या तिरक्या पाट्यांवर) असतानाच्या रेट्यात. "सगळ्यांच्या आधी ब्लॉक सोडा" हे इथेच घात करतं. घाईने पाय उचलला की रेटा अर्धवट राहतो. ब्लॉक लवकर सुटतो, पण वेग कमी घेऊन. मागचा पाय जोराचा झटका देऊन आधी निघतो, पुढचा जास्त वेळ रेटत राहतो, म्हणून त्याचा वाटा मोठा. 'सेट'ला, म्हणजे गनच्या आधी कंबर उचलून स्थिर थांबता तेव्हा, पायाकडे नीट बघा. पेडलवर आधीपासून दाब नसेल तर गन वाजल्यावर टाच आधी मागे दबते आणि मग शरीर पुढे निघतं. तो वेळ फुकट गेला. सेटमध्येच दोन्ही पायांनी पेडल दाबून धरा.

पाय भराभर टाकण्याचंही तेच. पूर्ण वेगात पाऊल जमिनीला ०.१ सेकंदाच्या आसपास टेकतं, पहिल्या पावलाला मात्र जवळपास दुप्पट वेळ लागतो आणि तो लागू द्यावा. पाऊल कमरेच्या मागे पडलं तर ते ढकलतं, पुढे पडलं तर ब्रेक लागतो.

तीस मीटर वाकून पळणं तर सरळ चूक. अंग झुकलेलं हवं, कंबरेत मोडलेलं नको. डोक्यापासून रेटणाऱ्या टाचेपर्यंत एक सरळ रेघ दिसली पाहिजे, आणि वेग वाढेल तसं प्रत्येक पावलागणिक अंग आपोआप थोडं वर यायला हवं. मुद्दाम खाली राहिलात तर गुडघे वर यायला जागाच उरत नाही.

शंका असेल तर बाजूने स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढा आणि ब्लॉक सुटतानाची फ्रेम थांबवून पुढच्या पेडलवरून रेटणाऱ्या पायाचा गुडघा बघा. तो वाकलेलाच राहिला असेल तर रेटा अपुरा पडलाय. रिअॅक्शनचे ड्रिल बाजूला ठेवून आधी तेवढंच सुधारा.