मुरूम एक, वैद्य छप्पन्न

आमच्या खान्देशात पगार किती, हे लोक आडून विचारतात. गालावरच्या मुरमाबद्दल मात्र थेट. "काय व्हयनं तोंडले?" उत्तराची वाट बघायची पद्धत नाही, लगेच औषध. काकूंचं लिंबू-साखर, चुलतभावाची टूथपेस्ट, आणि मेडिकलवाल्याची एक ट्यूब, जी त्याच्या म्हणण्यानुसार 'सगळे नेतात'. माझं म्हणणं एवढंच, की मुरमापेक्षा त्याचा बंदोबस्तच चेहऱ्याला जास्त महागात पडतो.

त्वचेचा सर्वांत वरचा थर कागदाहून पातळ. मेलेल्या पेशी आणि त्यांना धरून ठेवणारी चरबी, एवढ्या भांडवलावर तो आतलं पाणी राखतो आणि बाहेरचा त्रास अडवतो. यालाच हल्ली स्किन बॅरियर म्हणतात. त्याचा पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं आंबट) 5 च्या आसपास. अंगाचा साबण 9-10, लिंबू 2. सकाळी साबण, संध्याकाळी लिंबू, वरून साखरेचा घासा! भरिताच्या वांग्याची साल काढायची असते, गालाची नव्हे. त्यात मे महिन्यात पारा 45 च्या घरात आणि बोरचं जड पाणी, ज्यात साबण धड निघतही नाही. मग चेहरा वरून तेलकट, आतून तडतडलेला. साधं मॉइश्चरायझर लावलं तरी झोंबत असेल, तर थर फाटला समजा. अशा वेळी दोनेक आठवडे मुरमांची सगळी औषधं बंद. सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन, बस.

एरवीही फेसवॉश दिवसातून दोनदाच, कोमट नाहीतर साध्या पाण्याने, बोटांनी. टॉवेल टेकवायचा, रगडायचा नाही. मॉइश्चरायझर तेलकट चेहऱ्यालाही लागतं, हे आमच्याकडे कुणालाच पटत नाही.

औषध एका वेळी एकच सुरू करावं. डॉक्टरांनी ॲडापलीन 0.1 टक्का जेल दिलं, तर रात्री तोंड धुऊन पूर्ण कोरडं होऊ द्यायचं. ओल्या त्वचेवर ते जास्त चावतं. अख्ख्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं जेल: कपाळ, दोन गाल, हनुवटी, असे ठिपके देऊन पसरवायचं, डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांचे कोपरे आणि ओठ सोडायचे. लोक नेमकं मुरमावरच थापतात. पण मुरूम दिसतो त्याच्या कितीतरी आधी आत छिद्र तुंबलेलं असतं, आणि हे जेल त्या तुंबण्यावर काम करतं. आधी एक रात्र आड, सोसलं की रोज. गरोदरपणात मात्र नको.

मुरमांवरचं दुसरं औषध म्हणजे बेंझॉइल पेरॉक्साइड. त्याचं 2.5 टक्केवालं जेल जवळपास 10 टक्क्यांएवढंच काम करतं, आग कमी करतं. आईने हौसेने घेतलेल्या रंगीत अभ्र्यावर ते पांढरे डाग पाडतं, म्हणून उशीला पांढराच अभ्रा घाला.

सगळ्यात अवघड भाग पुढेच आहे. पहिले काही आठवडे मुरूम वाढल्यासारखे वाटतात; खरा फरक 8 ते 12 आठवड्यांनी. इतके दिवस गप्प बसणं आपल्या रक्तात नाही. तिसऱ्या आठवड्यात माणूस मेडिकलवाल्याची 'ती' ट्यूब उघडतोच. तिच्यात बहुधा बीटामेथासोन किंवा मोमेटासोनसारखं स्टिरॉइड असतं. पंधरा दिवस चेहरा असा उजळतो की मेडिकलवाला देव वाटतो. मग लाली, बारीक लव, ढिगाने पुरळ. आणि ट्यूब थांबवली की सगळं दुप्पट. महिनोन् महिने लावली असेल तर एकदम सोडण्याआधी त्वचारोगतज्ज्ञ गाठा. खोल, दुखऱ्या गाठी येत असतील तरीही तोच रस्ता, कारण त्या खड्डे ठेवून जातात.

शेवभाजीच्या काळ्या मसाल्याला उगाच बदनाम करू नका. कपाळावर ओघळणारं डोक्याचं तेल आणि स्कूटीवर तोंडाला घट्ट बांधलेला, घामेजलेला स्टोल यांची चौकशी आधी करा. स्टोल रोज धुवा.

आणि लग्न पुढच्या आठवड्यात असेल, तर नवं काहीही सुरू करू नका. फोटोवाला बघून घेईल.