उघाडी कोणाच्या ताब्यात?

परवा वाशीहून भावाचा व्हिडिओ आला. वरून पाऊस, खाडीला उधाण, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्कूटरची अर्धी चाकं पाण्यात. खाली ग्रुपवर नेहमीचं भांडण. एक म्हणतो, धारण तलावातली तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, काढा, गाळ उपसा. दुसरा म्हणतो, खारफुटीला हात लावाल तर खबरदार.

मी हे वाचत होते नेदरलँड्सच्या झेलंड प्रांतात, समुद्रसपाटीखालच्या घरात. गंमत म्हणजे नवी मुंबईचे धारण तलाव डच धर्तीवरच बांधलेत. भरतीला झडपा मिटतात, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला खाडीत जातं. गाळ साचला की पाण्याला थांबायला जागा उरत नाही. त्याच गाळात तिवरं रुजली, आणि ती न्यायालयाच्या परवानगीशिवाय तोडायला मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने बंदी. तलाव बांधले सिडकोने, देखभाल महापालिकेची, खारफुटी वनखात्याची, सीआरझेडची, म्हणजे किनारपट्टीच्या नियमांखालची, मंजुरी आणखी कुणाची. सोसायटीचं पत्र दोन वर्षांत तीन टेबलं फिरून परत आलंय.

आपण झडपा आणल्या, त्या राखणारं घर आणायचं विसरलो. इथे ‘वॉटरस्खाप’ म्हणजे पाणी मंडळं आहेत, मध्ययुगापासूनची, आज एकवीस. त्यांचा कर वेगळा, निवडणूक वेगळी. मार्च २०२३ मध्ये मीही मत दिलं, डच पासपोर्ट नसताना. मतपत्रिका चादरीएवढी! मंडळात शेतकऱ्यांना आणि निसर्गाच्या बाजूला राखीव जागा असतात. भांडतात तेही, पण एकाच टेबलाशी.

इथले लोक म्हणजे देव नव्हेत. १९५३ च्या पुरानंतर ओस्टरस्खेल्डे या खाडीचं मुख धरणाने बंदच करायचं ठरलं होतं. शिंपलेवाले आणि पर्यावरणवाले हटून बसले, तेव्हा कुठे १९८६ मध्ये बासष्ट दारांचा बांध झाला, एरवी उघडा, वादळात बंद. तरीही प्रवाह मंदावला, ओहोटीला उघडे पडणारे वाळूचे पट्टे झिजतायत, पक्ष्यांचं चरायचं रान आटतंय. आता बाहेरून वाळू आणून टाकतात.

आणि डचांकडे कशाला जायचं? नेरूळकडे आजोबांचं खारशेत होतं. बांधाला उघाडी, म्हणजे पाण्यासाठी लाकडी फळीचं दार, ती गावाने पाळीपाळीने राखायची. उधाणाआधी फळी पडली नाही तर सगळ्यांचंच भात जायचं. पाळी कुणाची होती हे विचारत फिरावं लागत नसे. तिथल्याच दिवाळे, सारसोळे गावांतल्या कोळ्यांना आजही खाडीचं पाणी कधी, कुठवर चढतं ते तोंडपाठ आहे; आमच्या ग्रुपवर मात्र त्यांच्यातलं कुणीच नाही.

भावाने विचारलं, “तिकडे काय करतात, सांग.” मी उलट विचारलं, “आपल्या तलावाच्या झडपा शेवटच्या कधी आणि कोणी दुरुस्त केल्या?”

तासाभराने उत्तर आलं : “विचारून सांगतो.”