ढोलकीवाल्याचेही नाव छापा

आज एका सत्कार समारंभाची स्मरणिका हाती आली. मधल्या पानावर तमाशाच्या फडाचे एक जुने छायाचित्र पानभर छापले आहे. खाली फडमालक, नायिका आणि सोंगाड्या यांची नावे ठळक अक्षरांत आहेत आणि शेवटी ‘व इतर साथीदार’ असे लिहिले आहे. कमरेला ढोलकी बांधून उभे असलेले माझे आजोबा त्या ‘इतर’ मंडळींत आहेत. छायाचित्र आमच्याच घरातून गेले होते आणि ते देताना मी ठाऊक असलेली सर्व नावे कागदावर लिहून दिली होती. जागा अपुरी पडली, असे मला फोनवर सांगण्यात आले. ज्या अंकात शुभेच्छापत्रांना पानेच्या पाने मिळाली, त्यात चार वादकांना एक ओळ मिळू नये, याचा मला संताप आला आहे.

आजोबांनी कोणकोणत्या फडांत, कुठे आणि किती वर्षे ढोलकी वाजवली, याचा शोध मी बऱ्याच काळापासून घेतो आहे. दसऱ्याला फड बाहेर पडायचा आणि वैशाखात, बुद्ध पौर्णिमेच्या सुमारास परतायचा. मधले सगळे महिने रात्री खेळ आणि दिवसा प्रवास. एवढ्या भटकंतीचा कागद कुठे असतो? हँडबिलावर मालकाचे नाव, परवान्याच्या अर्जावर मालकाचे नाव, जाहिरातीत नायिकेचे नाव. साथीदार कुठेच नसतात.

ते मला अखेर एका हिशेबाच्या वहीत सापडले. एका जुन्या फडमालकांच्या नातवाने माळ्यावरून लाल कापडी बांधणीची एक लांबट वही काढून माझ्यापुढे ठेवली. कडा वाळवीने खाल्ल्या होत्या. आजोबांचे नाव होते ते उचलीच्या, म्हणजे मालकाकडून आगाऊ घेतलेल्या पैशांच्या, पानावर. नाव, त्यापुढे ‘ढोलकी’, मग रक्कम आणि शेवटी जरा फिसकटलेला निळा अंगठा. ज्या हाताने हजारो माणसे रात्रभर जागी ठेवली, त्या हाताची एवढीच लेखी खूण उरली आहे आणि तीही कर्जाखाली.

त्याच वहीच्या पुढच्या पानांवर गावे होती. गाव, तिथी, वार, सुपारी म्हणजे खेळाची ठरलेली रक्कम. तारीख कुठेच नाही, कारण जत्रा तिथीवर चालतात. एका पानाच्या डोक्यावर ‘अधिक महिना’ असे लिहिलेले होते. अधिक महिना साधारण तीन वर्षांनी येतो, तिथीपुढे वारही होता, त्यामुळे जुनी पंचांगे घेऊन बसल्यावर वर्ष पक्के झाले आणि चैत्र-वैशाखातला आजोबांचा मार्ग गावागणिक उलगडत गेला. काही ओळींवर फक्त ‘पाऊस, खेळ नाही’ एवढेच होते. त्या ओळींपाशी मी बराच वेळ थांबलो, कारण खेळ नाही म्हणजे त्या रात्री हाती काय पडले असेल, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तमाशाच्या सुरुवातीला गणेशस्तवनाचा गण होतो. त्याआधी ढोलकी, हलगी आणि कडे हे धातूचे वाद्य यांची सलामी झाल्याशिवाय फड उभा राहत नाही. लावणीची उठावण ढोलकीवर असते आणि वगात, म्हणजे तमाशातल्या नाट्यात, सोंगाड्याचे वाक्य नेमक्या थापेवर पडले तरच हशा येतो. शाहीर पठ्ठे बापूराव म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कुलकर्णी, हे आपल्याला ठाऊक असते. त्यांच्या तमाशातल्या नायिका पवळाबाईंचे नाव ठाऊक असते. त्यांच्या मागे तुणतुणे कोण धरत होते आणि हलगी कोण वाजवत होते, हे आपल्यापैकी कितीजण सांगू शकतील?

मालकांनी आणि नायिकांनीही कमी सोसले नाही, हे मान्य आहे. १९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या विठाबाई नारायणगावकरांचेही अखेरचे दिवस हलाखीत गेले. साथीदार दर हंगामाला फड बदलत, म्हणून नोंद ठेवणे अवघड होते, हेही खरे आहे. पण त्या वहीतल्या मुनीमाला ते जमले होते! उचल वसूल करायची होती म्हणून त्याने प्रत्येकाचे नाव आणि वाद्य नीट लिहून ठेवले. पैशासाठी जे लिहिता येते, ते मानासाठी का लिहिता येत नाही?

आमच्या घरातही हे बोलले जात नसे. सोयरीक जुळवताना आजोबा शेती करतात, असेच सांगितले जाई. आजीने त्यांची ढोलकी वर्षानुवर्षे गोधडीत गुंडाळून ठेवली. ती भिंतीवर कधी टांगली नाही आणि टाकूनही दिली नाही. मला तिचा राग येत नाही. तमाशातल्या माणसाच्या घराकडे, त्यातही आमच्या जातीच्या घराकडे, गाव कसे पाहत होते ते तिने भोगले होते. मुलांच्या अंगावर ते येऊ नये म्हणून ती गप्प राहिली.

पण या गप्प राहण्याची किंमत आजही मोजली जाते आहे. वृद्ध कलावंतांना शासनाचे मानधन मिळते, मात्र अर्जासोबत कलेचा पुरावा लागतो. ज्याचे नाव आयुष्यभर कुणी छापलेच नाही, त्या हलगीवाल्याने तो पुरावा आणायचा कुठून? उचलीची वही जोडायची का? मला तर वाटते की जोडावी, आणि ती पुरावा म्हणून मान्यही व्हावी.

ज्यांच्या घरी जुन्या फडांच्या वह्या, हँडबिले, सुपारीचे कागद असतील, त्यांनी ते रद्दीत घालू नयेत, ही हात जोडून विनंती आहे. मला कळवा. मी स्वतः येईन, घरातून काहीही बाहेर न नेता तिथेच बसून पानन्‌पान छायाचित्रित करीन आणि ढोलकी, हलगी, कडे, तुणतुणे, मागे सूर धरणारे झीलकरी अशी जी नावे मिळतील ती वाद्य, गाव आणि वर्षासह येथेच लिहीत जाईन.