यांतली माझी कोणती?

आज सकाळी एका वेबसाइटने विचारलं, कोणती पासकी वापरायची? पासकी म्हणजे पासवर्डऐवजी वापरायची डिजिटल चावी, अंगठा टेकवला की चालणारी. खाली चार ओळी होत्या. चारही ओळींवर त्या वेबसाइटचंच नाव. माझं नाव नाही, ईमेल नाही, ओळख पटेल असं एक अक्षर नाही.

वरची निवडली, अंगठा टेकवला आणि थेट आईच्या खात्यात उतरलो. बाहेर आलो, पुढची निवडली. ऑफिसचं खातं. तिसरीला उत्तर आलं, ‘ही पासकी ओळखता आली नाही. कृपया पासवर्ड वापरा.’ ज्या पासवर्डापासून सुटका व्हावी म्हणून हा सगळा खटाटोप, त्याच्याच दारात आणून उभं केलं. चौथीपर्यंत पोचायच्या आत ‘थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा’ म्हणून हाकललं.

एका साइटवर माझं, आईचं आणि ऑफिसचं अशी तीन खाती असणं हा काही गुन्हा नाही. ती एकाच पासवर्ड मॅनेजरमध्ये, म्हणजे पासवर्ड आणि पासकी सांभाळणाऱ्या अॅपमध्ये, ठेवणं हाही नाही. मॅनेजर असतो कशाला मग?

हे सगळं मेव्हणा सोफ्यावरून बघत होता. मेव्हणा सॉफ्टवेअरमध्ये आहे. म्हणजे घरात काही बिघडलं की ते बिघडलेलंच नाही, हे तो समजावून सांगतो.

“दाजी, हे स्टँडर्डप्रमाणेच चाललंय.”

“मला माझ्या खात्यात जाता येत नाही, हे स्टँडर्डमध्ये लिहिलंय?”

“तसं नव्हे. पासकी बनवताना साइट एक आतला आयडी पाठवते, तो तुम्हाला दिसत नाही. बरोबर एक नाव पाठवते, ते तुम्हाला दिसावं म्हणूनच असतं. तिथे तुमचा ईमेल घालायला पाहिजे होता. यांनी स्वतःचं नाव घातलंय.”

“म्हणजे चूक त्यांची.”

“चूक असं नाही म्हणता येणार. रकाना होता. त्यांनी तो भरला.”

मी गप्प बसलो. तो बसला नाही.

“पण सुरक्षितता बघा ना! खासगी चावी तुमच्याकडेच राहते. साइटकडे नुसती सार्वजनिक चावी. उद्या त्यांचा सर्व्हर फुटला तरी चोराच्या हाती काही लागणार नाही.”

“चोर आत जाणार नाही हे मान्य. मीही जात नाहीये.”

“शिवाय ती साइटच्या डोमेनला बांधलेली असते. नकली साइटवर चालतच नाही!”

“असली साइटवर तरी कुठे चालतेय?”

“दाजी, तुम्ही चिडताय. साइटच्या सेटिंग्जमध्ये जा, तिथे तुमच्या सगळ्या पासकींची यादी असते.”

“सेटिंग्जमध्ये जायला आधी आत जावं लागतं.”

यावर त्याने खरोखर विचार केला. मग म्हणाला, “मावशींच्या खात्यातून बघा. पद्धत तरी कळेल.”

पद्धत कळली. आईच्या खात्यात पासकींची यादी होती आणि तिथे प्रत्येक पासकीसमोर माझ्या पासवर्ड मॅनेजरचं नाव होतं. म्हणजे मॅनेजरकडे गेलं की सगळ्यांचं नाव साइट, आणि साइटकडे गेलं की सगळ्यांचं नाव मॅनेजर. दोघे एकमेकांकडे बोट दाखवून मोकळे. खातं ज्याचं, त्याचं नाव दोन्हीकडे नाही. मी हे मेव्हण्याला दाखवलं, तर त्याला ते आवडलं. “बघा, कुठल्या मॅनेजरमध्ये आहे ते बरोबर ओळखलंय!”

“आणि ती न ओळखलेली?”

“ती मेलेली. साइटवरून कधीतरी उडाली असेल. मॅनेजरला कोणी सांगितलं नाही.”

“का नाही सांगितलं?”

“सांगायची सोय आता आलीय ना. सिग्नल एपीआय म्हणतात. ही पासकी बाद झाली, यादीतून काढा, असं साइटने मॅनेजरला कळवायचं.”

“मग कळवलं का नाही?”

“ऐच्छिक आहे, दाजी.”

खरं सांगतो, माझा राग तंत्रावर नाही. तंत्र उत्तम आहे. मे 2022 मध्ये अॅपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या तिघांनी एकत्र येऊन पासवर्ड घालवायचं ठरवलं, त्याचंही मला कौतुक आहे. आता तुम्हाला काहीही लक्षात ठेवावं लागणार नाही, असं सगळीकडून सांगण्यात आलं. आणि आता मी काय लक्षात ठेवायचं? तर एकाच नावाच्या चौघींपैकी वरून कितवी माझी! तेही जमलं असतं, पण शेवटी वापरलेली पासकी आपोआप वर सरकते. सकाळची दुसरी दुपारी पहिली असते. नवी पासकी करायला जावं तर मॅनेजर विचारतो, ‘या नोंदीत आधीच एक पासकी आहे, ती बदलायची का?’ कोणाची आहे ते सांग की बाबा, मग ठरवतो! तो सांगत नाही. खाली ‘हो’ आणि ‘नाही’, आणि ‘हो’ जरा ठळक निळ्या रंगात.

पासवर्डचा इतिहास काढला तर तो 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एमआयटीपर्यंत जातो. एकच संगणक अनेकांनी वाटून वापरायचा, म्हणून प्रत्येकाला पासवर्ड. तिथल्या अॅलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला वाट्याला आलेला वेळ पुरेना, तेव्हा 1962 मध्ये त्याने सगळ्यांच्या पासवर्डांची फाइल सरळ छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावावर काम चालू ठेवलं. पासवर्ड किती कच्चे, याचा दाखला म्हणून ही गोष्ट नेहमी सांगतात. मला मात्र हल्ली शेरचा हेवा वाटतो. त्या चोरलेल्या यादीत कोणाचा पासवर्ड कोणता, ते तरी कळत होतं.

दुपारी मी मॅनेजरमधली एकेक नोंद उघडून, तयार केल्याची तारीख बघून, हाताने नावं दिली. आई, ऑफिस, मी, मयत. साइटवर गेलो तर काही फरक नाही. नोंदीचं शीर्षक वेगळं आणि पासकीच्या पोटातलं नाव वेगळं. निवडताना समोर येतं ते पोटातलं.

“ते साइटलाच बदलता येतं,” मेव्हणा म्हणाला. “त्याच सिग्नल एपीआयने.”

“ऐच्छिक?”

“ऐच्छिक.”

मग निदान मयत तरी काढून टाकावी म्हणून डिलीट दाबलं. मॅनेजरने लाल अक्षरांत विचारलं, ही पासकी काढली तर खात्यात कायमचं जाता येणार नाही, खात्री आहे का? मी मेव्हण्याकडे बघितलं.

“दाजी,” तो उठत म्हणाला, “यात माझं नाव घालू नका हं.”