फूल एक, शेपट्या चार

क्रोशाचं फूल दहा मिनिटांत होतं असं सांगणारे खोटं बोलत नाहीत. ते फक्त शेपट्यांबद्दल, म्हणजे धाग्याच्या लोंबत्या टोकांबद्दल, गप्प बसतात.

तोरणाचंच गणित घ्या. दार 90 सेंटिमीटर रुंद, फूल 5 सेंटिमीटरचं, दोन फुलांमध्ये साडेतीन सेंटिमीटर साखळी. वरच्या ओळीत 11 फुलं बसतात. खाली लोंबायला 5 सरी, दर सरीत 3, म्हणजे आणखी 15. एकूण 26. मध्य पिवळा आणि पाकळ्या केशरी हव्यात, म्हणजे दर फुलाला धाग्याची चार टोकं. सव्वीस चोक एकशे चार! ती सगळी सुईत ओवून लपवायची, आणि तेवढ्यात घरातून विचारणा होणार, "अजून झालं नाही का?"

फूल मात्र खरंच सोपं. मध्यम जाडीची ॲक्रिलिक लोकर, साडेतीन मिलिमीटरची क्रोशाची आकडेवाली सुई. धाग्याच्या सैल वेढ्यात 10 सिंगल क्रोशाचे टाके घालायचे, टोक ओढून भोक मिटवायचं, स्लिप स्टिचनं (जोडणाऱ्या बुटक्या टाक्यानं) फेरी जोडायची, रंग बदलायचा. मग पहिल्या टाक्यात 2 साखळ्या, 2 खांब (म्हणजे उंच टाके). शेजारच्यात 2 खांब, 2 साखळ्या आणि तिथंच स्लिप स्टिच. झाली पाकळी. अशा पाच. शेवटी एक टाका अनाथ उरला, तर फेरी जोडताना घेतलेली स्लिप स्टिच तुम्ही टाका म्हणून मोजली आहे. तिथं कोंबून सहावी पाकळी काढू नये. फूल फ्रिलच्या झबल्यासारखं फुगतं आणि उशीखाली दाबलं तरी ऐकत नाही.

व्हिडिओ बघून विणणाऱ्यांसाठी वेगळा सापळा आहे. आपल्या खांबाला अमेरिकेत डबल क्रोशा म्हणतात, ब्रिटनमध्ये ट्रेबल म्हणतात; आणि ब्रिटनचा डबल म्हणजे अमेरिकेचा सिंगल. व्हिडिओतल्या बाईचे उच्चार कुठले हे ओळखेपर्यंत पाकळ्या बुटक्या होऊन बसतात. आपला 'खांब' बरा, त्याला पासपोर्ट लागत नाही.

आता शेपट्या. गाठ मारून कापून टाकावं असा मोह प्रत्येकाला होतो. ॲक्रिलिक गुळगुळीत असतं, गाठ सुटते, आणि ऐन गणपतीत फुलाच्या मधोमध डोळा उघडतो. टोक 15 सेंटिमीटर ठेवावं, एका दिशेनं ओवावं, एक टाका सोडून उलट फिरवावं. शहाणी माणसं पुढची फेरी विणतानाच टोक टाक्यांच्या पोटात घेतात. उरलेली आमच्यासारखी. "नंतर एकदम करू" म्हणतात आणि फुलं डब्यात भरून ठेवतात.

पाकळ्या वळतात म्हणून ॲक्रिलिकवर गरम इस्त्री टेकवू नये, फूल कायमचं चपटं होतं. सुती फुलांना साबुदाण्याची खळ छान बसते. झुरळांचंही तेच मत आहे. केसांच्या क्लिपवर फूल चिकटवायचं असेल, तर मागं आधी फेल्टची चकती शिवावी. नाहीतर ग्लू गनचा गोंद टाक्यांमधून पुढं येतो, तुमचं बोट भाजतो आणि गुळगुळीत पत्र्यावरून मात्र आठवड्यात सुटतो.

एवढं करून तोरण दारावर चढलं, की येणारी प्रत्येक मावशी एक फूल हातात घेते, पुढून बघत नाही, थेट उलटं करते. आणि एकशे चारपैकी जी एक शेपटी लपवायची राहिलेली असते, ती बरोबर त्याच फुलाची निघते.